प्रतीक्षेचे शास्त्र

महाराष्ट्रातील जुन्या लग्नघरांत घटिका बसविण्याचा एक विधी असे. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक लहान वाटी तरंगत ठेवीत. वाटीच्या बुडाला सूक्ष्म छिद्र असे. त्यातून पाणी हळूहळू आत चढे आणि चोवीस मिनिटांनी वाटी भरून तळाशी जाई. ती बुडाली की एक घटिका भरली. अशा साठ घटिकांची एक अहोरात्र. मांडवात कितीही गलबला असो, वाटीजवळ बसलेल्या जोशीबुवांची नजर पाण्यावरून ढळता कामा नये, असा दंडक होता. कारण सूर्योदयापासून मोजत आणलेला काळाचा धागा एकदा तुटला की मुहूर्ताचा सारा हिशेब कोसळे.

त्या वाटीपाशी बसलेल्या माणसाला फारसे काही करायचे नसे. पाहत राहणे, वाटी बुडाल्याची नोंद करणे आणि ती पुन्हा पाण्यावर ठेवणे, एवढेच त्याचे काम. पण त्याच्या त्या निश्चल बसण्यावर मांडवातील सर्वांचा विश्वास टेकलेला असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खगोलशास्त्राची एक शाखा उदयास आली. तिचे कामही याच जातीचे आहे. तिच्या घटिका मात्र शेकडो-हजारो प्रकाशवर्षे दूर आहेत, आणि ज्या मुहूर्ताची ती वाट पाहते तो यायला एक पिढी खर्ची पडते.

या शाखेचा आरंभ एका उपऱ्या रेषेपासून झाला. १९६७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील केंब्रिजजवळ सुमारे साडेचार एकरांच्या मैदानावर एक रेडिओ दुर्बीण कामाला लागली. दुर्बीण म्हटल्यावर जी नळी आणि जी भिंगे डोळ्यांपुढे उभी राहतात त्यांचा तेथे मागमूस नव्हता. खांब रोवून त्यांवर ताणलेल्या तारांचे ते एक विस्तीर्ण जाळे होते. ते उभारण्यात ज्यांनी दोन वर्षे अंगमेहनत केली त्यांत उत्तर आयर्लंडमधून आलेली जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी होती. क्वेसार नावाच्या अतिदूरच्या ज्योतींकडून येणाऱ्या रेडिओ लहरी सूर्यापासून वाहणाऱ्या वायूमधून जाताना कशा लुकलुकतात, हे पाहण्यासाठी ती सारी योजना होती. यंत्राची लेखणी कागदाच्या पट्टीवर रेषा काढीत जाई. दररोज जवळजवळ शंभर फूट कागद साठे आणि तो नजरेखालून घालण्याचे काम बेल यांच्याकडे होते. चार दिवसांत, सुमारे चारशे फूट कागदावर, आकाशाची एक फेरी पुरी होई. एवढ्या पसाऱ्यात जेमतेम पाव इंच जागा व्यापणारी एक खरखर त्यांच्या नजरेस पडली. ती क्वेसारासारखी दिसत नव्हती, आणि माणसाच्या यंत्रांमुळे उमटणाऱ्या पार्थिव गोंगाटासारखीही दिसत नव्हती.

अशा खरखरीकडे दुर्लक्ष करणे सर्वांत सोपे होते. प्रबंध वेगळ्याच विषयाचा, हातात असलेला काळ मोजका आणि कागदाचे ढीग तर वाढतच चाललेले. तरी बेल यांनी मागचे कागद पुन्हा उलगडले. ती खरखर आकाशाच्या त्याच एका भागातून येत होती आणि दररोज सुमारे चार मिनिटे लवकर येत होती. माणसाच्या कारखान्यांचा नि वाहनांचा दिवस चोवीस तासांचा असतो. ताऱ्यांचा दिवस तेवीस तास छप्पन्न मिनिटांचा. त्या चार मिनिटांनी निवाडा केला की हा उगम पृथ्वीवरचा नव्हे. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी कागदाची गती वाढवून नोंद घेतली, तेव्हा त्या खरखरीतून सुटे सुटे ठोके दिसू लागले. दर १.३३ सेकंदाला एक ठोका, आणि त्यात लवमात्र चुकारपणा नाही. निसर्गात इतके नेमके काही असू शकते यावर विश्वास बसेना. थट्टेने का होईना, त्या उगमाला परग्रहावरील हिरव्या बुटक्या माणसांचे नाव देण्यात आले. डिसेंबरात आकाशाच्या अगदी निराळ्या भागात तसाच दुसरा उगम सापडला, तेव्हा दोन वेगळ्या जगांतील प्राणी एकाच वेळी, एकाच रीतीने पृथ्वीला हाका मारीत असतील ही कल्पना मावळली. फेब्रुवारी १९६८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तो शोध प्रसिद्ध झाला, आणि खगोलशास्त्राच्या कोशात 'पल्सार', म्हणजेच स्पंदक तारा, हा शब्द दाखल झाला.

स्पंदक हा मेलेल्या ताऱ्याचा अवशेष असतो. सूर्याहून कितीतरी जड अशा ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा स्वतःच्याच भाराने कोसळतो. सूर्याच्या सुमारे दीडपट द्रव्य वीसेक किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात, म्हणजे एखाद्या शहराच्या विस्तारात, कोंबले जाते. तो गोळा स्वतःभोवती फिरत असतो, आणि त्याच्या चुंबकीय ध्रुवांपाशी निघणारा रेडिओ लहरींचा झोत दीपगृहाच्या झोताप्रमाणे अवकाशात फिरत राहतो. झोत पृथ्वीवरून गेला की येथील दुर्बिणीत एक ठोका उमटतो. एवढ्या जड वस्तूचे फिरणे सहजासहजी अडखळत नाही. म्हणून तिचे ठोके विश्वासू असतात.

या विश्वासू घड्याळांत आणखी विश्वासू अशी एक जात १९८२ साली सापडली. प्वेर्तो रिकोमधील अरेसिबो येथील प्रचंड दुर्बिणीने एका स्पंदकाचे ठोके पकडले. तो सेकंदाला ६४२ वेळा स्वतःभोवती फिरत होता. डॉन बॅकर यांच्या नेतृत्वाखालील त्या चमूत बर्कली येथे संशोधन करणारे श्रीनिवास कुलकर्णी हा एक तरुण विद्यार्थी होता. कुरुंदवाडला जन्मलेले आणि दिल्लीच्या आय.आय.टी.मधून शिकून बाहेर पडलेले कुलकर्णी पुढे जागतिक कीर्तीचे खगोलशास्त्रज्ञ झाले. २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला. स्पंदकाचा वेग तर वयाबरोबर मंदावत जातो. मग हा म्हातारा इतका चपळ कसा? त्याच वर्षी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी उत्तर सुचविले, की जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेता घेता थकलेला स्पंदक पुन्हा गतिमान होतो. अशा पुनरुज्जीवित ताऱ्यांची चाल वर्षानुवर्षे इतकी स्थिर राहते की पृथ्वीवरील आण्विक घड्याळांशी तिची तुलना होऊ शकते.

इथपर्यंत कथा घड्याळांची झाली. पण घड्याळाचा खरा उपयोग ते चुकते तेव्हा कळतो, असे एक वेगळेच वळण या संशोधनाने घेतले.

आइन्स्टाइन यांनी १९१६ साली आपल्या सापेक्षता सिद्धांतातून असा निष्कर्ष काढला होता, की जड वस्तू एकमेकींभोवती फिरतात तेव्हा अवकाश आणि काळ यांच्या पटावरच लहरी उठतात आणि प्रकाशाच्या वेगाने पसरत जातात. त्यांचा पहिला अप्रत्यक्ष पुरावा स्पंदकांनीच दिला. १९७४ साली हल्स आणि टेलर यांना अशी एक जोडी सापडली की जिच्यातील एक स्पंदक दुसऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याभोवती पावणेआठ तासांत फेरी पुरी करतो. ती फेरी वर्षागणिक किंचित आखडत गेली, आणि गुरुत्वीय लहरींच्या रूपाने जितकी ऊर्जा निघून जावयास हवी तितक्याच प्रमाणात ती आखडत होती. प्रत्यक्ष लहर मात्र १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो या उपकरणांनी टिपली. एक अब्जाहून अधिक प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती; तीन सूर्यांइतके द्रव्य लहरींत रूपांतरित झाले होते; आणि चार-चार किलोमीटर लांबीच्या बाहूंना जाणवलेला तो थरार पाव सेकंदही टिकला नाही.

ती लहर ताऱ्यांच्या मापाची होती. पण दीर्घिकांच्या केंद्रस्थानी जी कृष्णविवरे आहेत ती सूर्याच्या लाखो, कोट्यवधी, क्वचित अब्जावधी पट जड आहेत. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांची ही हृदयस्थ कृष्णविवरेही हळूहळू जवळ येऊन परस्परांभोवती फिरू लागत असतील. त्यांची एक फेरी वर्षांत, दशकांत मोजावी लागेल. म्हणून त्यांनी उठविलेल्या लहरीचा एक चढउतार पुरा व्हायलाही तितकाच काळ लागेल. दहा वर्षांच्या लहरीची लांबी दहा प्रकाशवर्षे. सूर्यापासून सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. म्हणजे सूर्य आणि तो तारा दोघेही अशा एकाच लहरीच्या अंगावर मावतील. ती मोजणारे उपकरण पृथ्वीवर बांधणे शक्य नाही.

पण ते आकाशात बांधलेलेच आहे, हे १९७८-७९ मध्ये साझिन आणि डेटवायलर या दोघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. पृथ्वी आणि स्पंदक यांच्या दरम्यानचा अवकाश लहरीमुळे किंचित ताणला गेला तर ठोका किंचित उशिरा येईल. आखडला तर लवकर येईल. किंचित म्हणजे किती? सेकंदाचा एक कोटीवा भाग, असे धरून चालावे. तेवढ्या अवधीत प्रकाश तीस मीटर जातो. हजारो प्रकाशवर्षांच्या वाटेवर तीस मीटरांची चुकामूक, आणि तीही हळूहळू, दहा-पंधरा वर्षांत, साकार होणारी.

येथे जोशीबुवांची अडचण पुन्हा उभी राहते. एकच वाटी असेल आणि ती उशिरा बुडाली, तर दोष छिद्राचा, पाण्याचा, की सूर्याचा, हे कसे ठरवावे? वाट्या पुष्कळ असतील तर मात्र ताडून पाहता येते. १९८३ साली हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी त्या ताडून पाहण्याचा नियम गणिताने सिद्ध केला. गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून जात असेल तर सगळ्याच स्पंदकांच्या वेळा बिघडतील, पण त्या बिघाडात एक संगती असेल. आकाशात एकमेकांजवळ दिसणारे दोन स्पंदक बहुधा एकाच दिशेने चुकतील. काटकोनाच्या आसपास असलेले परस्परविरुद्ध चुकतील. आणि समोरासमोरचे पुन्हा थोडे एकमताने वागतील. घड्याळ बिघडले, हवामान बदलले, गणकयंत्र चुकले, तर अशी संगती उमटणार नाही. एका साक्षीदारावर विसंबू नये, अनेकांच्या साक्षींतील मेळ पाहावा, हा न्यायाचा जुना नियमच येथे भूमितीच्या भाषेत लिहिला गेला आहे.

त्यानंतरचे काम कष्टाचे आणि बिनगाजावाजाचे होते. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन आणि भारत येथील संशोधकांचे गट ठरावीक दिवसांच्या अंतराने त्याच त्या ताऱ्यांकडे दुर्बिणी वळवीत राहिले आणि ठोक्यांची आगमनवेळ लिहीत राहिले. त्या वेळेतून माणसाच्या बाजूची एकेक चूक वेचून काढावी लागते. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे ठोका वर्षाच्या एका भागात कित्येक मिनिटे लवकर आणि दुसऱ्या भागात तितकाच उशिरा येऊ शकतो. म्हणून प्रत्येक वेळ संपूर्ण सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राला लावून घ्यावी लागते. ते केंद्र सूर्याच्या पोटात स्थिर नाही. गुरूसारख्या ग्रहांच्या ओढीने ते सरकत असते, कधी सूर्याच्या पृष्ठाबाहेरही येते. गुरूची एक फेरी बारा वर्षांची, आणि शोधायची लहरही तेवढ्याच काळाची. त्यामुळे गुरूच्या स्थानाविषयीच्या माहितीत अल्पशी खोट असली तरी ती लहरीचे सोंग घेऊन पुढे येते. विश्वाच्या टोकाचे ऐकू पाहणाऱ्याला आधी घरातला गुरू नीट मोजावा लागला, यात एक मौज आहे आणि एक ताकीदही आहे.

दुसरी चूक वाटेतली. तारे आणि पृथ्वी यांच्यामधला अवकाश रिता नसतो. त्यात विरळ इलेक्ट्रॉन विखुरलेले असतात. त्यांच्यामुळे रेडिओ लहरी रेंगाळतात, आणि कमी वारंवारतेच्या लहरी जास्त रेंगाळतात. स्पंदक, पृथ्वी आणि सूर्य आपापल्या जागा बदलत असल्याने हे रेंगाळणेही दिवसागणिक बदलते. ते काटेकोर मोजायचे तर त्याच तारकेला कमी वारंवारतेत ऐकणारा कान हवा, कारण तेथेच हा दोष ठळकपणे दिसतो. ज्या दोषामुळे कमी वारंवारतेचे निरीक्षण दुय्यम ठरावे, त्याच दोषामुळे ते अपरिहार्य ठरले. असा कान पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, खोडद गावाच्या शिवारात होता.

पुण्याहून सुमारे ऐंशी किलोमीटरांवरील या भागात कांदा, टोमॅटो, द्राक्षे यांच्या शेतांमधून अचानक एखादी पंचेचाळीस मीटर व्यासाची जाळीदार परात आभाळाकडे तोंड करून उभी दिसते. अशा तीस तबकड्या मिळून जी.एम.आर.टी. ही दुर्बीण होते. चौदा तबकड्या मध्यवर्ती भागात, आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरांच्या पसाऱ्यात. भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांच्या ताणावर बसविलेली बारीक तारेची जाळी वापरल्याने वारा आरपार जातो, भार कमी होतो आणि खर्चही आटोक्यात राहतो. ही रचना गोविंद स्वरूप यांची.

स्वरूप यांचे चरित्र म्हणजेच भारतातील रेडिओ खगोलशास्त्राचा इतिहास, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे १९२९ साली जन्मलेले हे शास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६३ साली अमेरिकेतून परत आले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियात वापरातून गेलेल्या सहा फुटी बत्तीस तबकड्या त्यांनी कल्याणला उभ्या करून सूर्याचे निरीक्षण सुरू केले. मग उटीजवळच्या डोंगरउतारावर, पृथ्वीच्या अक्षाशी समांतर अशी, अर्धा किलोमीटरहून लांब दुर्बीण १९७० मध्ये उभी राहिली. उतार आणि अक्षांश यांचा मेळ बसेल असा डोंगर शोधून काढणे, हीच तिच्यातील मोठी युक्ती होती. खोडदची दुर्बीण हे त्यांचे तिसरे आणि सर्वांत मोठे धाडस. आरंभीच्या विश्वातील, दीर्घिका घडण्यापूर्वीच्या हायड्रोजनच्या मेघांची चाहूल घेणे हा तिचा एक प्रमुख हेतू होता. जलद स्पंदकांचा शोध हा दुसरा. पहिल्या हेतूतील मेघ कल्पिल्याप्रमाणे सापडले नाहीत. मात्र हायड्रोजनचा मागोवा थांबला नाही. २०२० मध्ये याच दुर्बिणीने हजारो दीर्घिकांचे क्षीण संदेश एकत्र करून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या त्यांच्या हायड्रोजनचे मोजमाप केले. आणि नव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दुर्बिणीची क्षमता वाढविण्यात आल्यावर भारतीय स्पंदक-कालमापन गट तिच्याशी जोडला गेला. पुणे, मुंबई, रुडकी, भोपाळ, हैदराबाद, चेन्नई, बंगळूर येथील आणि जपानमधीलही संशोधक त्यात आहेत. कोणत्याही एका प्रांताचे किंवा एका भाषेचे ते काम नाही. त्यांची समान भाषा म्हणजे ठोक्यांच्या वेळांचे रकाने.

हे ऐकणे शांततेवर अवलंबून आहे. येथील शांतता कानांची नसून रेडिओ लहरींची आहे. खोडदपासून जवळच असलेले नारायणगाव ही तमाशाची पंढरी. चैत्रातील यात्रा-जत्रांच्या आधी तेथे फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी सुपाऱ्या ठरवायला येतात. ढोलकीच्या थापेने दुर्बिणीचे काहीही बिघडत नाही. पण खिशातला एक मोबाइल, सदोष विजेची एक तार, मोटारीच्या इंजिनातील एक ठिणगी, यांचा गोंगाट ताऱ्याच्या कुजबुजीपेक्षा कितीतरी पट मोठा असतो. डोंगरांच्या आडोशाने आणि त्या काळच्या ग्रामीण निवांतपणाने ही जागा निवडली गेली. तो निवांतपणा आता कायद्याने आणि विनंतीने राखावा लागतो.

त्याची किंमत कोण देतो, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पुणे-नाशिक जलद रेल्वेमार्गाची जी पहिली आखणी होती ती या परिसरातून जात होती. दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, या कारणास्तव ती बदलण्यात येत असल्याचे रेल्वे मंत्रालयाने २०२५ साली सांगितले, आणि जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांत निराशा पसरली. शेतमाल दूरच्या बाजारात लवकर पोहोचावा, मुलांना शिक्षणासाठी शहर जवळ यावे, एवढीच मागणी असलेल्या माणसाला कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडच्या कृष्णविवरांचे कारण सांगणे सोपे नाही. त्याची तक्रार अडाणीपणाची म्हणून उडवून लावणे तर अन्यायाचे ठरेल. विज्ञान सर्व मानवजातीचे असते, हे वाक्य खरे आहे. पण त्याचा भार सर्व मानवजातीवर सारखा पडत नाही. तो एखाद्या खोऱ्यातील काही गावांवर पडतो. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनानिमित्त, आसपासच्या शाळांतील हजारो मुले खोडदला येतात, तबकड्या पाहतात, स्वतः केलेली उपकरणे मांडतात. ही भेट म्हणजे त्या भाराची भरपाई नव्हे. परंतु ज्या शांततेसाठी आपल्या गावाने काही सोडले तिच्यातून काय ऐकू आले, हे जाणण्याचा पहिला हक्क याच मुलांचा आहे, एवढे तरी तिच्यामुळे लक्षात राहते.

जे ऐकू आले ते २९ जून २०२३ रोजी जगापुढे आले. निरनिराळ्या देशांतील गटांनी आपापले निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध केले. युरोपीय आणि भारतीय गटांच्या संयुक्त नोंदींत पंचवीस स्पंदक होते आणि सर्वांत लांब नोंद जवळजवळ पंचवीस वर्षांची होती. त्यात भारतीय वाटा सुमारे साडेतीन वर्षांचा, पण कमी वारंवारतेचा म्हणून मोलाचा. अमेरिकी गटाने पंधरा वर्षांत सदुसष्ट स्पंदक तपासले होते. त्या सर्वांच्या वेळांत हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी चाळीस वर्षांपूर्वी रेखलेली संगती उमटू लागली होती. एखाद्या एका जोडीची लहर त्यात वेगळी ओळखू येत नाही. असंख्य जोड्यांचा एकवटलेला, सर्व दिशांनी येणारा, अतिमंद असा तो घुमारा आहे. बहुधा तो महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांचा असावा; पण विश्वाच्या आरंभकाळी घडलेल्या घटनांचा अवशेष असण्याची शक्यताही पुसली गेलेली नाही.

या घोषणेतील सर्वांत मनोज्ञ गोष्ट म्हणजे तिची भाषा. संशोधकांनी 'पुरावा' हा शब्द वापरला; 'शोध' हा शब्द हातचा राखून ठेवला. भौतिकशास्त्रात शोधाचा दावा करण्यासाठी पाच सिग्मांची खात्री मागितली जाते. म्हणजे निव्वळ योगायोगाने तसे दिसण्याची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक इतकी क्षीण असावी लागते. कोणत्याही गटाची खात्री तेथवर पोहोचलेली नव्हती. संयुक्त युरोपीय-भारतीय नोंदींत ती शक्यता हजारांत एकाच्या घरात होती. व्यवहारात हजारांत एक म्हणजे पक्की गोष्ट. माणसे याहून कितीतरी कच्च्या भरवशावर लग्ने ठरवितात आणि निवडणुकांची भाकिते करतात. पण ज्यांनी पाव शतक वाट पाहिली त्यांनी शेवटच्या पायरीवर घाई केली नाही. सर्वांच्या नोंदी एकत्र करून, आणखी काही वर्षे ठोके मोजून मगच काय ते म्हणायचे, असे त्यांनी ठरविले.

वाट पाहण्याचे हे शास्त्र माणसाच्या आयुष्याशी मात्र जमवून घेत नाही. संशोधक विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती पाचएक वर्षांची असते. तेवढ्यात दहा वर्षांच्या लहरीचा अर्धाच भाग हाती येतो. तो आधीच्यांनी लिहिलेल्या वह्यांवर प्रबंध उभा करतो आणि स्वतःची वही पुढच्यांसाठी ठेवून जातो. स्पंदकांच्या समूहातून लहरी ऐकण्याच्या उपक्रमाचे एक प्रवर्तक डॉन बॅकर २०१० साली निवर्तले. गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात कालवश झाले. त्याच वर्षाच्या १ डिसेंबरला अरेसिबोच्या दुर्बिणीवर टांगलेला शेकडो टनांचा सांगाडा खालच्या तबकडीवर कोसळला आणि ती कायमची निकामी झाली. तरीही २०२३ च्या अमेरिकी निष्कर्षात तिने आधी लिहून ठेवलेल्या वेळा सामील होत्या. दुर्बीण उरली नव्हती, पण तिची साक्ष उरली होती.

आणि जिच्या पाव इंच खरखरीपासून हे सारे सुरू झाले त्या जोसेलिन बेल? स्पंदकांच्या शोधाबद्दल १९७४ चे नोबेल पारितोषिक दिले गेले तेव्हा ते त्यांचे मार्गदर्शक अँटनी हुइश यांना, मार्टिन राइल यांच्यासह, मिळाले. बेल यांचे नाव त्यात नव्हते. २०१८ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराचे तीस लाख डॉलर त्यांना मिळाले. ती सर्व रक्कम त्यांनी भौतिकशास्त्राच्या वाटेवर ज्यांची संख्या अल्प आहे अशा समाजगटांतील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली. पन्नास वर्षांनी हाती आलेले धन पुढे येणाऱ्यांच्या हवाली करताना त्यांनी फार बोलबाला केला नाही.

खोडदच्या नियंत्रणकक्षात काही दिवसांच्या अंतराने स्पंदकांची पाळी येते. दूरवरच्या परातींना आज्ञा जाते, त्या संथपणे एकाच बिंदूकडे वळतात, आणि पडद्यावर आकड्यांची ओळ सरकू लागते. बाहेर उसाला पाणी सोडलेले असते. एखाद्या वस्तीवर दिवा असतो. तपासणीला बसलेला विद्यार्थी वेळ टिपतो, तारीख घालतो आणि नोंद साठवून ठेवतो. त्या एका रात्रीत काहीही सिद्ध होत नाही. पहाटे परातींचे तोंड दुसरीकडे वळते, आणि पुढच्या पाळीची तारीख फळ्यावर लिहिली जाते.